उद्यानातला मुक्काम : शांततामय ठिय्याच्या हक्काचा आढावा

शहरातील सार्वजनिक उद्यानात सभा घेणे, फलक धरणे, घोषणा देणे आणि पत्रके वाटणे हा नागरिकांचा हक्क आहे, हे लोकशाही देशांतील न्यायालयांनी गेल्या शतकभरात बहुतांशी मान्य केले आहे. खरा वाद उरतो तो सभा आटोपल्यावरही तिथून न हलण्याच्या, तंबू ठोकण्याच्या, सामुदायिक स्वयंपाक चालवण्याच्या आणि रात्री तिथेच झोपण्याच्या हक्काविषयी. मराठीत ज्यांना ठिय्या आंदोलन, बेमुदत धरणे किंवा मुक्काम आंदोलन म्हणतात, त्या सर्व प्रकारांत आंदोलक आपले म्हणणे शब्दांइतकेच जागा न सोडण्याच्या कृतीतून मांडत असतात. कायद्यापुढे या कृतीचे दोन अर्थ एकाच वेळी उभे राहतात : एका अर्थाने ती अभिव्यक्ती असते, आणि दुसऱ्या अर्थाने ती सर्वांच्या सामाईक जमिनीवर काही जणांनी बसवलेला ताबा असते. हे दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि त्यांपैकी एकच खरा मानून दिलेला निकाल दुसऱ्या बाजूवर अन्याय केल्याशिवाय राहत नाही.

या वादाच्या मुळाशी उद्यान कोणाचे, हा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘बॉस्टन कॉमन’ या जुन्या सार्वजनिक मैदानात महापौरांच्या परवान्याविना भाषण केल्याबद्दल विल्यम डेव्हिस या धर्मोपदेशकाला शिक्षा झाली, तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्याच्या न्यायालयात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी असे मत दिले की, विधिमंडळाने रस्त्यावर किंवा उद्यानात भाषणाला मनाई करणे आणि घरमालकाने स्वतःच्या घरात भाषणाला मनाई करणे यांत हक्कभंगाच्या दृष्टीने काही फरक नाही. १८९७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. लंडनमध्येही याच काळात, १३ नोव्हेंबर १८८७ रोजी ट्रफाल्गर चौकातील निदर्शकांवर पोलिसांनी केलेल्या कठोर कारवाईनंतर, त्या चौकात सभा घेण्याचा कोणताही हक्क जनतेला नाही असे न्यायालयाने १८८८ साली ठरवले. शासन हे जमिनीचे मालक आणि नागरिक हे त्याच्या मर्जीने आत आलेले पाहुणे, अशी ही भूमिका होती.

ती उलटली ती १९३९ साली. जर्सी सिटीचे महापौर फ्रँक हेग यांनी कामगार संघटनेच्या सभा आणि पत्रके यांवर बंदी घातली होती, आणि त्या खटल्यात न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांनी असे प्रतिपादन केले की, सातबारा कोणाच्याही नावावर असो, रस्ते आणि उद्याने ही प्राचीन काळापासून जनतेच्या वतीने, जनतेने एकत्र यावे आणि सार्वजनिक प्रश्नांची चर्चा करावी यासाठी, विश्वस्त या नात्याने सांभाळली गेली आहेत. रॉबर्ट्स यांच्या मताला त्या दिवशी न्यायालयाचे पूर्ण बहुमत नव्हते, तरी पुढे अमेरिकेतील ‘सार्वजनिक व्यासपीठ’ ही सगळी कल्पना, म्हणजे परंपरेने चर्चेसाठी वापरल्या जाणाऱ्या जागांत अभिव्यक्तीला विशेष संरक्षण असते हा सिद्धान्त, याच मतावर उभा राहिला. विश्वस्ताची ही कल्पना दुधारी आहे, हे मात्र नीट लक्षात घेतले पाहिजे. विश्वस्त लाभार्थ्याला दारातून परत पाठवू शकत नाही. पण त्याच वेळी एका लाभार्थ्याला सगळी मालमत्ता एकट्याने वापरूही देऊ शकत नाही. ज्या तत्त्वाने निदर्शकासाठी उद्यानाचे दार उघडले, त्याच तत्त्वाने ते बाकावर बसणाऱ्या वृद्धासाठी, खेळणाऱ्या मुलांसाठी आणि विरुद्ध मताच्या दुसऱ्या गटासाठीही उघडे ठेवावे लागते, आणि ठिय्याच्या बहुतेक खटल्यांत शासनाच्या बाजूने झालेला सर्वांत वजनदार युक्तिवाद हाच राहिला आहे.

या दुधारी स्थितीतून जो तोडगा निघाला, तो ‘वेळ, स्थळ आणि पद्धत’ यांच्या नियमनाचा. १९४१ साली न्यू हॅम्पशायरमधील मिरवणुकीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, शासन परवाना मागू शकते, गर्दीची वेळ टाळायला सांगू शकते, मार्ग ठरवून देऊ शकते. मात्र हे निर्बंध आशयनिरपेक्ष असले पाहिजेत, म्हणजे निदर्शक काय बोलणार आहेत हे पाहून ते बदलता कामा नयेत, त्यांमागे महत्त्वाचे सार्वजनिक हित असले पाहिजे, आणि म्हणणे मांडण्याचे दुसरे पुरेसे मार्ग खुले राहिले पाहिजेत. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती निकषाविना मोकळा अधिकार राहू नये, ही अटही पुढील निकालांतून पक्की झाली. सभेसाठी आणि मोर्चासाठी ही चौकट बऱ्यापैकी चालली. मुक्कामाला ती लावताना अडचण अशी येते की, मुक्कामात ‘पद्धत’ हाच पुष्कळदा ‘आशय’ असतो.

मुक्काम आंदोलनांचा इतिहास या निकालांइतकाच जुना आहे. १९३२ च्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धातील हजारो माजी सैनिक, मंजूर झालेला बोनस लवकर मिळावा या मागणीसाठी, कुटुंबांसह वॉशिंग्टनला येऊन अॅनाकोस्टिया नदीकाठच्या सपाटीवर झोपड्या बांधून राहिले, आणि २८ जुलैला जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखालील लष्कराने त्यांना हुसकावले. त्यांची वस्ती जळून खाक झाली. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांचे सहकारी राल्फ अॅबरनॅथी यांनी गरिबांची मोहीम पुढे नेली, तेव्हा त्याच शहरात ‘नॅशनल मॉल’ या राष्ट्रीय उद्यानात प्लायवुडच्या झोपड्यांची ‘रेझरेक्शन सिटी’ उभी राहिली. ही वस्ती सरकारच्या रीतसर परवान्याने उभी होती, हे आजच्या चर्चेत बहुधा विसरले जाते. परवाना तीन हजार लोकांपर्यंतचा होता, मुदत संपल्यावर २४ जूनला पोलिसांनी ती हटवली, पण सुमारे सहा आठवडे देशाच्या राजधानीच्या मध्यभागी गरिबी नुसती ऐकू न येता डोळ्यांना दिसत राहिली. सार्वजनिक उद्यानातील मुक्काम ही व्यवस्थेला अशक्य असलेली गोष्ट नाही, याचा हा सर्वांत मोठा पुरावा आहे.

कायदा मात्र वेगळ्या दिशेने गेला, आणि त्या वळणावर उभा असलेला निकाल १९८४ चा आहे. वॉशिंग्टनमधील एका संघटनेने बेघरांच्या दुःखाकडे लक्ष वेधण्यासाठी हिवाळ्यात व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट उद्यानात आणि मॉलवर निदर्शने करण्याचा परवाना मागितला. राष्ट्रीय उद्यान विभागाने लाफायेट उद्यानात वीस आणि मॉलवर चाळीस प्रतीकात्मक तंबू उभारायला परवानगी दिली, रात्रंदिवस निदर्शने चालवायलाही हरकत घेतली नाही. फक्त त्या तंबूंत झोपायला मनाई केली, कारण ठरावीक तळांखेरीज उद्यानात ‘शिबिर’ करण्यास नियमाने बंदी होती. संघटनेचे म्हणणे असे की, बेघर माणसाला रात्री कुठे झोपावे लागते हेच तर सांगायचे आहे, आणि जागे राहून ते सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सरकारचा निर्णय उचलून धरला. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी झोपणे ही अभिव्यक्ती असू शकते असे वादापुरते गृहीत धरले, पण उद्यान सुस्थितीत राखण्याचे हित पुरेसे आहे आणि नियम आशयाकडे न पाहता सर्वांना सारखा लागू आहे, असे म्हणून प्रश्न मिटवला.

न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांचे भिन्नमत आजही वाचण्यासारखे आहे, कारण त्यांनी बोट ठेवलेली उणीव पुढच्या प्रत्येक खटल्यात पुन्हा दिसते. तंबू उभे आहेत, माणसे रात्रभर तिथेच आहेत, मग त्यांनी डोळे मिटल्याने हिरवळीची नेमकी कोणती जादा हानी होते, हे सरकारने दाखवले नाही, असा त्यांचा आक्षेप होता. शिवाय आशयनिरपेक्ष नियम म्हटला की न्यायालयाची तपासणी ढिली पडते, आणि प्रशासनाला तर जरुरीपेक्षा जास्त नियम करण्याचीच ओढ असते, कारण मैदान अस्वच्छ झाल्याची तक्रार लगेच येते आणि मोकळेपणा आक्रसल्याची तक्रार कोणाकडून येत नाही, अशा अर्थाची चिकित्सा त्यांनी केली. हे निरीक्षण अचूक आहे. दिवसाला संरक्षण आणि झोपेला मनाई ही रेषा तत्त्वातून आलेली नाही, ती व्यवस्थापनाच्या सोयीतून आली आहे; आणि एकदा ती आखली गेल्यावर कायद्याने रात्रीचा विचार करणेच जवळजवळ सोडून दिले. त्याच लाफायेट उद्यानात १९८१ पासून अण्वस्त्रांविरुद्धचा एक अखंड जागर कित्येक दशके चालू राहिला, तो या रेषेच्या आत राहूनच : फलकापाशी कोणीतरी सतत जागे असले पाहिजे, झोपता कामा नये.

२०११ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमध्ये जे घडले, त्याने हा जुना प्रश्न जगभर नेला. कॅनडातील व्हँकूव्हरच्या ‘अॅडबस्टर्स’ या नियतकालिकाने त्या उन्हाळ्यात वॉल स्ट्रीटवर ठाण मांडण्याची हाक दिली होती, आणि १७ सप्टेंबरला जमलेल्या निदर्शकांनी, आधी ठरवलेल्या जागा पोलिसांनी अडवल्यामुळे, दक्षिण मॅनहॅटनमधील झुकोटी पार्क गाठले. सुमारे ३३,००० चौरस फुटांचे, ग्रॅनाइटची फरसबंदी असलेले हे छोटे उद्यान म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एक विचित्र वस्तू आहे. १९६१ च्या नगररचना नियमांनी न्यूयॉर्कने बांधकाम व्यावसायिकांना असा सौदा देऊ केला की, इमारतीच्या पायथ्याशी लोकांसाठी मोकळी जागा ठेवल्यास जादा चटईक्षेत्र मिळेल. मुंबई-पुण्यातील वाचकांना चटईक्षेत्राच्या बदल्यात मिळणाऱ्या ‘सार्वजनिक’ जागांचा अनुभव असल्याने हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. झुकोटी पार्क अशाच सौद्यातून, शेजारच्या वन लिबर्टी प्लाझा या इमारतीच्या उंचीच्या बदल्यात तयार झाले; २०११ साली त्याची मालकी ब्रुकफील्ड या कंपनीकडे होती, आणि उद्यानाचे नावही २००६ साली कंपनीचे अध्यक्ष जॉन झुकोटी यांच्यावरून ठेवले गेले होते. जेरोल्ड केडन यांनी २००० साली केलेल्या अभ्यासात शहरात अशा ५०३ जागा नोंदल्या गेल्या होत्या.

या मालकीचा परिणाम अगदी अनपेक्षित झाला. महापालिकेची उद्याने रात्री बंद होतात आणि ती बंद करण्याचा अधिकार पालिकेला असतो. पण झुकोटी पार्क चोवीस तास खुले ठेवण्याची अट त्या सौद्यातच होती, त्यामुळे रात्री माणसांना बाहेर काढण्यासाठी हाताशी नियमच नव्हता. खासगी जागेत निदर्शक जवळजवळ दोन महिने राहू शकले आणि सार्वजनिक उद्यानात ते एक रात्रही राहू शकले नसते, हा विरोधाभास या क्षेत्रातील कायद्याची अवस्था कोणत्याही टीकेपेक्षा स्पष्ट दाखवतो. या दोन महिन्यांत तिथे स्वयंपाकघर, दवाखाना, पाच हजारांहून अधिक पुस्तकांचे लोकग्रंथालय आणि रोजची आमसभा चालली. ध्वनिवर्धकाला परवाना लागत असल्याने वक्त्याचे वाक्य जवळच्यांनी एकसुरात उच्चारून मागच्यांपर्यंत पोहोचवायचे, अशी रीत रूढ झाली. ब्रुकफील्डने मागाहून तंबू, ताडपत्र्या, झोपण्याच्या पिशव्या आणि जमिनीवर आडवे होणे यांना मनाई करणारे नियम लावले. शेजारच्या रहिवाशांच्या तक्रारी खऱ्या होत्या. रात्रंदिवस चालणारे ढोल, स्वच्छतागृहांची वानवा आणि दाटीवाटीतले गुन्हे यांकडे आंदोलनाच्या सहानुभूतिदारांनी डोळेझाक केली, तर त्यांच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा होतो.

१५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर, पहाटे एकच्या सुमारास पोलिसांनी उद्यानाला वेढा घालून ते रिकामे केले, सुमारे दोनशे जणांना अटक झाली आणि तंबू, सामान व ग्रंथालय कचऱ्याच्या गाड्यांतून नेण्यात आले. सकाळी न्यायाधीश लुसी बिलिंग्ज यांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत न्यायाधीश मायकेल स्टॉलमन यांनी तो पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. त्यांच्या मते, मालकाचे वाजवी हक्क व कर्तव्ये आणि इतर नागरिकांचा वापर यांना बाजूला सारून तंबू, बांधकामे आणि जनित्रे यांसह तिथे राहण्याचा घटनात्मक हक्क निदर्शकांनी सिद्ध केला नव्हता. निकाल काही पानांचा होता आणि सुनावणी काही तासांची. निदर्शकांना झोपण्याच्या सामानाविना उद्यानात परत येण्याची मुभा मिळाली, म्हणजे १९८४ ची रेषा इथे पुन्हा जशीच्या तशी आखली गेली. ग्रंथालयाचा दावा मात्र वेगळ्या मार्गाने गेला, आणि २०१३ च्या तडजोडीत नष्ट झालेल्या पुस्तकांपोटी सुमारे ४७,००० डॉलर देण्याचे शहराने मान्य केले. पुस्तकांचे मोल ठरवायला कायद्याकडे साधन होते. पुस्तकांभोवती जमलेल्या सभेचे मोल ठरवायला नव्हते.

इतर अमेरिकी शहरांतील खटल्यांत दोन उल्लेखनीय आहेत, आणि ते एकमेकांसमोर ठेवून वाचावेत. दक्षिण कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया येथे विधान भवनाच्या आवारात ठाण मांडलेल्या १९ जणांना १६ नोव्हेंबर २०११ रोजी राज्यपालांच्या आदेशावरून अटक झाली, पण सायंकाळी सहानंतर तिथे थांबू नये असा वैध नियमच त्या दिवशी अस्तित्वात नव्हता. २०१३ साली अपील न्यायालयाने या अटकेविरुद्धचा नुकसानभरपाईचा दावा पुढे चालू दिला. टेनेसीतील नॅशव्हिलमध्ये राज्य शासनाने ठिय्या सुरू झाल्यावर घाईने संचारबंदी आणि परवान्याचे नियम केले आणि लगेच अटकसत्र सुरू केले, तेव्हा रात्रपाळीच्या न्यायिक अधिकाऱ्याने कारवाईला कायदेशीर आधार नाही म्हणून वॉरंटवर सही करण्याचे नाकारले. तरीही २०१४ साली दुसऱ्या अपील न्यायालयाने अधिकाऱ्यांना वैयक्तिक दायित्वातून मोकळे केले, कारण चौकात चोवीस तास राहण्याचा हक्क पूर्वी स्पष्टपणे प्रस्थापित झालेला नव्हता. या दोन निकालांतून एक किमान तत्त्व तरी हाती लागते : नियम आंदोलनाच्या आधीचा, लेखी आणि सर्वांना ठाऊक असलेला हवा. २०२४ साली ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात बेघरांविरुद्धच्या शिबिरबंदीला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मान्यता दिल्यावर असे नियम करण्याचा शहरांचा उत्साह वाढणे स्वाभाविक आहे.

इंग्लंडमधील विचार अधिक सूक्ष्म वाटतो, निदान त्याच्या पद्धतीत. तेथे युरोपीय मानवी हक्क करारामुळे प्रमाणशीरतेची कसोटी लागते, म्हणजे हक्कावर घातलेला निर्बंध साध्य करायच्या हिताच्या प्रमाणात आहे का, हे प्रत्येक प्रकरणात वेगळे तपासावे लागते. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलसमोर १५ ऑक्टोबर २०११ पासून उभी असलेली तंबूंची वस्ती हटवण्याच्या दाव्यात अपील न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१२ रोजी लॉर्ड न्यूबर्गर यांच्या निकालाद्वारे जे निकष दिले, ते या विषयातील सर्वांत उपयोगी साधन म्हणता येतील : निदर्शकांना नेमकी हीच जागा महत्त्वाची का आहे, मुक्काम किती काळ चालला आहे, जमिनीचा किती भाग व्यापला गेला आहे, आणि मालकाच्या व इतर लोकांच्या हक्कांना प्रत्यक्षात किती बाधा पोहोचते. या निकषांवर त्या वस्तीला हार पत्करावी लागली, कारण ती चार महिने अखंड होती आणि वाटेचा व उपासनास्थळाचा वापर खरोखर अडत होता. पण याच कसोटीने २००९ साली उलट निकाल दिला होता. ऑल्डरमास्टन येथील अण्वस्त्र केंद्राबाहेर महिलांचा शांतता-तळ तेवीस वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याअखेरीस भरत असे; संरक्षण खात्याने तिथे तंबूंना बंदी करणारी उपविधी केली, तेव्हा न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण मुक्काम हाच त्या निषेधाचा प्राण होता आणि त्याने होणारी गैरसोय नाममात्र होती. थोड्या दिवसांचा, वारंवार येणारा आणि कोणाची वाट न अडवणारा मुक्काम अभिव्यक्ती म्हणून टिकू शकतो, हे अमेरिकी न्यायालयाला न दिसलेले सत्य इथे स्पष्टपणे मान्य झाले. दुर्दैवाने संसदेने याच सुमारास उलटी पावले टाकली : पार्लमेंट चौकात ब्रायन हॉ यांनी जून २००१ पासून जवळजवळ दहा वर्षे चालवलेल्या युद्धविरोधी मुक्कामाचा त्रागा अखेर २०११ च्या कायद्यात उतरला आणि त्या चौकात तंबू व झोपण्याचे साहित्य यांवर बंदी आली. टोरंटोमध्ये, सेंट जेम्स उद्यानातील वस्तीबाबत न्यायाधीश डेव्हिड ब्राउन यांनी २१ नोव्हेंबर २०११ रोजी निदर्शकांच्या अभिव्यक्तीला बाधा पोहोचते हे मान्य केले, पण रात्री उद्यान बंद ठेवण्याचा नियम समर्थनीय ठरवला.

इस्तंबूलच्या गेझी पार्कचा प्रश्न या सर्वांहून वेगळा होता, कारण तिथे उद्यान हीच मागणी होती. जुन्या बराकीची प्रतिकृती बांधण्यासाठी ते नष्ट होऊ नये म्हणून मे २०१३ च्या अखेरीस काही डझन लोक तिथे तंबू ठोकून राहिले, ३० मेच्या पहाटे ते तंबू जाळले गेले, आणि त्यातून देशव्यापी उठाव झाला. १५ जूनला उद्यान बळाने रिकामे करण्यात आले. नंतर याच आंदोलनाच्या प्रकरणात उद्योजक उस्मान कावाला यांना २०२२ साली झालेली आजन्म कारावासाची शिक्षा, तीही युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१९ मध्येच त्यांची अटक हक्कभंगाची ठरवलेली असताना, हे दाखवते की ठिय्याकडे ‘राजद्रोह’ म्हणून पाहणाऱ्या शासनापुढे वेळ-स्थळ-पद्धतीची सगळी चर्चा निरर्थक ठरते. अशा ठिकाणी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ३७ व्या सर्वसाधारण टिप्पणीचे महत्त्व आहे, कारण तिने ठिय्या आंदोलनालाही शांततामय सभेच्या हक्काचे रूप म्हणून नावानिशी स्थान दिले.

भारताचा या परंपरेशी थेट संबंध आहे, आणि तो मुंबई राज्याच्या एका कायद्यातून येतो. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ खालील नियमांनुसार अहमदाबादेत सार्वजनिक सभेसाठी पोलिसांची पूर्वपरवानगी लागे. ती नाकारली गेल्यावर हिम्मतलाल शहा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७२ साली घटनापीठाने तो नियम रद्द केला, कारण परवानगी कधी द्यावी याचा कोणताही निकष त्यात नव्हता. सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन शासन करू शकते, सरसकट बंदी करू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले, आणि न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी आपल्या निकालपत्रात हेग खटल्यातील विश्वस्ताच्या कल्पनेचा आधार घेतला. म्हणजे जर्सी सिटीच्या कामगारांनी मिळवलेले तत्त्व तेहेतीस वर्षांनी भारतीय राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाच्या अर्थात, शांततेने व शस्त्रांविना एकत्र येण्याच्या हक्कात, येऊन मिसळले.

झोपेच्या बाबतीत तर भारतीय न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले, जरी वेगळ्या संदर्भात. ४ जून २०११ च्या मध्यरात्री दिल्लीच्या रामलीला मैदानात, बाबा रामदेव यांच्या उपोषणासाठी जमलेल्या आणि झोपी गेलेल्या लोकांवर पोलिसांनी कारवाई केली. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती अतिरेकी ठरवली, आयोजकांवरही दोषाचा वाटा ठेवला, आणि न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांनी शांत झोप हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे नोंदवले. लाफायेट उद्यानात झोप ही व्यवस्थापनाची अडचण होती, रामलीला मैदानात ती माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग झाली. या निकालाने मैदानात मुक्कामाचा हक्क दिला असे म्हणता येणार नाही. पण झोपलेल्या जमावाला रात्री हुसकावणे ही स्वतंत्र आणि अधिक गंभीर बाब आहे, एवढे तरी त्यातून ठरते, आणि न्यूयॉर्कच्या १५ नोव्हेंबरला ही कसोटी लावली असती, तर ती सुनावणी काही तासांत आटोपली नसती.

पुढील भारतीय निकाल मात्र ‘नेमून दिलेल्या जागे’कडे झुकले. ऑक्टोबर १९८८ मध्ये महेंद्रसिंह टिकैत यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी दिल्लीच्या बोट क्लबच्या हिरवळीवर केलेल्या मुक्कामानंतर ती जागा आंदोलनांना बंद होत गेली आणि जंतरमंतर पुढे आले. हरित लवादाने २०१७ साली तिथेही मनाई केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मजदूर किसान शक्ती संघटनेच्या २०१८ च्या खटल्यात सरसकट बंदी अमान्य करून दोन्ही ठिकाणांसाठी नियमावली करण्यास पोलिसांना सांगितले. दिल्लीतील शाहीन बागेच्या रस्त्यावरील ठिय्याप्रकरणी ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयाने सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवता येणार नाही आणि निदर्शने नेमलेल्या ठिकाणीच व्हावीत, असे म्हटले. रस्त्यापुरता हा निकाल समजण्याजोगा आहे. पण रस्त्यावर नको म्हटल्यावर मैदानात काय काय चालेल, याचे उत्तर देण्याची जबाबदारी वाढते.

मुंबईत ते मैदान म्हणजे आझाद मैदान. मंत्रालय आणि नरिमन पॉइंटच्या परिसरातून आंदोलने इथे आणली गेली, तीही रहिवाशांच्या तक्रारींमुळे. आणि हे मैदान काही रिकामे नव्हते, १९८८ साली सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांची ६६४ धावांची शालेय भागीदारी जिथे झाली, तिथे आजही मुले खेळतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेल्या शेतकऱ्यांनी दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून शहरातला शेवटचा टप्पा रात्रीच पार केला आणि १२ मार्चला आझाद मैदान गाठले. दुसऱ्याच्या हक्काची एवढी जाणीव ठेवणारा मोर्चा क्वचितच दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मनोज जरांगे पाटील यांच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणाला मिळालेली मूळ परवानगी एका दिवसाची, सायंकाळी सहापर्यंतची आणि पाच हजार लोकांपुरती होती, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक लोक अनेक दिवस राहिले, दक्षिण मुंबईतील रस्ते अडले, आणि उच्च न्यायालयाला रस्ते मोकळे करण्याचे आदेश द्यावे लागले.

त्या दिवसांतील गैरसोय खरी होती, पण सायंकाळी सहाची मर्यादा कोणाला कशी लागू पडते, हेही पाहिले पाहिजे. दादर किंवा ठाण्याच्या निदर्शकाला ती काहीच अडवत नाही. तो रात्री घरी जाऊन सकाळी परत येतो. गडचिरोली, नंदुरबार किंवा बीडहून आलेल्या माणसाला तीच मर्यादा बंदीसारखी आहे, कारण त्याच्याकडे शहरात घर नाही आणि लॉजचे भाडे परवडत नाही. शब्दांत सर्वांना समान असलेला नियम इथे गरीब आणि दूरच्या नागरिकाचा हक्क काढून घेतो, आणि न्यायालयांनी वापरलेली आशयनिरपेक्षतेची कसोटी ही विषमता टिपूच शकत नाही. म्हणून ‘शिबिर’ या शब्दापाशी न थांबता लंडनचे निकष लावावेत : व्याप किती, काळ किती, अडथळा कोणाला, जागा हीच का. राज्याच्या राजधानीत नेमून दिलेल्या मैदानाच्या नियमावलीत ठरावीक रात्रींच्या मुक्कामाची संख्या, खेळपट्ट्या सोडून राखलेला भाग, पाणी, स्वच्छतागृहे आणि महिलांसाठी उजेड यांची तरतूद लेखी असावी. मुदत संपल्यास आधी नोटीस, मग सुनावणी, आणि हटवण्याची वेळ आलीच तर ती दिवसाउजेडी, पत्रकारांसमोर आणि सामानाची पावती देऊन व्हावी. रेझरेक्शन सिटीला १९६८ साली तीन हजार माणसांचा परवाना देताना एका सरकारने यातील निम्मे काम केले होते. उरलेले निम्मे करायला नवा कायदा लागत नाही, परवान्याच्या अर्जावर रात्रीसाठी एक रकाना वाढवला तरी सुरुवात होते.